खिडकीतला सराफा: एका चित्राच्या ऑर्डरचं प्रकरण

(कुटुंबाची ओळख लपवण्यासाठी काही तपशील बदलले आहेत. खिडकी आणि चुका होत्या तशाच ठेवल्या आहेत.)

पार्श्वभूमी

इंदूरच्या सराफ्याला लागून असलेल्या एका गल्लीच्या तोंडाशी तीन मजली जुनं घर. खाली दुकानं, दुसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब, साठेक वर्षांपासून. वडील गेल्यावर काकू तिथे थोरल्या मुलाच्या संसारात राहत होत्या. मग घर विकलं गेलं. घेणारे जवळचेच सराफ, पाडून शोरूम बांधणार होते. फेब्रुवारीअखेर ताबा द्यायचा होता आणि डिसेंबरात धाकट्या मुलीचा पुण्याहून मला फोन आला.

"ताई, आईच्या खिडकीतून दिसतो तो सराफा काढून द्याल का? फोटो नका सांगू, फोटो ढीगभर आहेत."

मी तैलरंगात काम करते, बहुतेक वेळा नाइफने, म्हणजे रंग थापायच्या बोथट सुरीने. माझ्या चित्रात माणसं माणसांसारखी दिसतातच असं नाही, आणि आकाश निळं असेल याची मी हमी देत नाही. मुलीने माझं काम एका प्रदर्शनात पाहिलं होतं, तिला ते हवं होतं. तेवढ्यावर मी निर्धास्त झाले. पैसे मात्र थोरला मुलगा देणार होता, आणि त्याने माझं एकही चित्र पाहिलं नव्हतं. हे मला फोनवरच कळलं होतं. मी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही.

चित्र चार फूट रुंद, तीन फूट उंच. ३५,००० रुपये, पैकी १२,००० आगाऊ.

ज्यांनी सराफा पाहिला नाही त्यांच्यासाठी: दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. गाद्या, तराजू, हळू आवाजातली बोलणी. रात्री आठ-नऊच्या सुमारास शटरं खाली येतात आणि त्याच बंद दुकानांच्या ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडे, मावाबाटी, ताटाएवढा जलेबा, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. मध्यरात्र उलटून गेली तरी "आओ भिया" चालू असतं. म्हणजे एकाच खिडकीतून दोन वेगळे बाजार दिसतात, आणि या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

आता खिडकी. सागवानी चौकट, उभे लोखंडी गज, भिंत इतकी जाड की आतल्या कट्ट्यावर मांडी घालून बसता येईल. डावीकडून दुसरा गज कधीतरी काढून टाकलेला. त्या फटीतून काकू स्टीलचा डबा दोरीला बांधून खाली सोडायच्या. डब्यात पैसे जायचे, कीस नाहीतर गराडू यायचे, वरून जीरावन मसाला. कित्येक वर्षं दोरी एकाच जागी घासून चौकटीच्या खालच्या लाकडाला खाच पडली होती. करंगळी आडवी ठेवली तर बरोबर बसायची. बाकी लाकूड काळपट, खरबरीत. खाचेचा तळ मात्र उजळ आणि गुळगुळीत, देव्हाऱ्यातल्या पाटासारखा. पहिल्याच संध्याकाळी मी तिच्यात बोट घालून पाहिलं होतं, आणि नंतर विसरून गेले.

सुरुवातीचे निर्णय

सात संध्याकाळी मी त्या कट्ट्यावर बसले. काकू शेजारी खुर्चीत. फार बोलायच्या नाहीत. मध्येच "तो बघ, आज उशिरा लावला त्याने" एवढंच.

पहिला प्रश्न वेळेचा होता. मी रात्र घेतली. खरं तर यात निर्णय असा झालाच नाही, कारण मी जायचेच संध्याकाळी सातनंतर. दिवसभर माझे क्लास असतात. आपल्या सोयीला आपण कलात्मक निवड म्हणतो, त्यातला हा प्रकार.

दुसरा प्रश्न उजेडाचा. आता ठेल्यांवर पांढरे एलईडी आहेत. त्यांच्याखाली सगळं सपाट आणि निळसर दिसतं, जलेबीसुद्धा आजारी वाटते. काकूंच्या बहुतेक वर्षांत पिवळे बल्ब असणार. मी पिवळा उजेड धरला आणि तो आणखी पेटवला: कढयांवरची वाफ लिंबाच्या रंगाची, ठेले नारिंगी, गर्दी जांभळ्या-निळ्या फटकाऱ्यांची. दुसऱ्या मजल्यावरून चेहरे दिसतच नाहीत, डोकी दिसतात. डोक्यांची एक नदी वाहते असं वाटायचं, म्हणून रस्ता मी मुद्दाम वर उचलून धरला, जणू बाजार खिडकीत चढून येतोय. या निर्णयांचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. तिथे बसल्यावर अंगाला जाणवते ती तुपाची गरम झळ आणि आवाज, आणि ते मोजपट्टी लावलेल्या चित्रात येत नाहीत.

तिसरा, माध्यमाचा. हाताशी दोन महिने, तेही थंडीचे. ॲक्रिलिक तासाभरात वाळतं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि नाइफने जाड थापलेला थर आतून महिनोन् महिने ओला राहू शकतो. हे सगळं मी विद्यार्थ्यांना शिकवते. तरी तैलरंगच घेतले, कारण हाताला त्यांची सवय.

चौथा निर्णय मला त्या वेळी निर्णय वाटलाच नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी कुटुंबाला पेन्सिलचं कच्चं रेखाटन दाखवलं. इंदूरला चित्रकलेची जुनी शिस्त आहे. देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे चित्रशाळा काढली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी याच शहरात शिकले, रस्त्यावर बसून काढणं ही इथली रीतच. माझ्या मास्तरांनीही 'आधी रेघ, मग रंग' हेच डोक्यात भरलेलं. त्यामुळे ग्राहकाला रेघ दाखवायची, त्याचा होकार घ्यायचा आणि मग कॅनव्हासला हात लावायचा, ही माझी वीस वर्षांची पद्धत.

रेखाटन नीटनेटकं होतं. चौकट, गज, गजांमधली फट, समोरच्या इमारतीचे झरोके, दुकानांचे चौकोन, एका दुकानावर पाटी. खाचसुद्धा होती, दोन छोट्या रेघांची. काढताना हात तिथे गेला आणि उमटली. थोरल्यांनी रेखाटन हातात धरून बराच वेळ पाहिलं. "छान आहे मॅडम. अगदी बरोबर." काकूंनी मान डोलावली. पुण्याहून व्हॉट्सॲपवर अंगठा आला.

अडचण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी कॅनव्हास त्यांच्या बैठकीत भिंतीला टेकवून उभा केला.

थोरले काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "मॅडम, बाबांची पेढी कुठंय?"

मला वडील काय करायचे हेच माहीत नव्हतं. ते समोरच्या एका पेढीवर मुनीम होते, सारी हयात. शाळेतून आल्यावर हा मुलगा त्या खिडकीत उभा राहून समोर गादीवर बसलेले वडील बघायचा. वडील मान वर करून बघायचे. त्याचा सराफा दुपारचा, उघड्या दुकानांचा. माझ्या चित्रात त्या जागी बंद शटराचा काळा-जांभळा पट्टा होता आणि त्यावर कढईची पिवळी झळ.

"स्केचमध्ये तर बोर्ड होता ना. दुकान उघडं होतं."

इथे मला पहिल्यांदा काय झालंय ते उमगलं. रेखाटनातला चौकोन मी बंद शटर म्हणून काढला होता, त्यांनी तो पेढीचा दरवाजा म्हणून वाचला होता. पेन्सिलच्या रेघेत ना दिवस होता ना रात्र. त्या कागदावर तिघांनी तीन बाजार पाहिले आणि तिघांनीही होकार दिला. मी तो होकार माझ्या बाजाराला मिळालेला धरला.

मी मग जे करायला नको होतं ते केलं. शिकवायला लागले. १९०५ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला किर्खनर आणि त्याच्या मित्रांनी 'डी ब्र्युके' हा चित्रकारांचा गट कसा काढला, सगळे वास्तुकलेचे विद्यार्थी कसे होते, डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा मनावर उमटतं ते रंगवायचं म्हणून त्यांनी रंग कसे मोकळे सोडले, वगैरे. ज्या माणसाला वडिलांची गादी सापडत नाहीये त्याला मी जर्मनी दाखवत होते. मग फोनवर फ्रेंच चित्रकार मातिसचं कोलिऊरच्या उघड्या खिडकीचं चित्र काढून दाखवलं, तेही १९०५ चंच. समुद्र गुलाबी असू शकतो हे पटवायला.

थोरल्यांनी फोन हातात घेतला, नाकाजवळ धरला. "हे पण मला नाही कळत. पण यात खिडकी तरी दिसतेय."

तोवर काकू उठून चित्राजवळ गेल्या होत्या. चित्राच्या खालच्या कडेवरून, रंगाला न लागेल असा, त्यांनी हात फिरवला. "खाच कुठंय गं?"

खाच नव्हती. कट्टा नव्हता. गजसुद्धा नव्हते. वरच्या आणि डाव्या कडेला दोन इंच काळी पट्टी, एवढीच माझी खिडकी. बाजार अंगावर यावा म्हणून मधे येणारं सगळं मी काढून टाकलं होतं. घरी येऊन मातिसचं चित्र पुन्हा नीट पाहिलं. त्यात समुद्र मधल्या तुकड्यात आहे. बाकीचं चित्र दारं, भिंती, चौकट आणि कुंड्यांनी भरलंय. शंभरदा पाहिलेलं चित्र. मी इतकी वर्षं त्यातला समुद्रच बघत आले होते.

मुलीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि तिला ते फार आवडलं. त्याने गोष्टी सोप्या झाल्या नाहीत.

समोर असलेले पर्याय

ताब्याला अठरा दिवस होते. खिडकी अजून जागेवर होती, हे एक बरं.

थोरल्यांची मागणी सरळ होती: दिवस करा, पेढी दाखवा, पाटीवर नाव लिहा. म्हणजे नवीन चित्र, तेही मला न येणाऱ्या धाटणीचं. मी काढलं असतं तर वाईट काढलं असतं. शिवाय मुलीने माझ्याकडे ज्यासाठी फोन केला होता तेच राहिलं नसतं.

दुसरा पर्याय माझ्या सोयीचा: आगाऊ रक्कम परत करायची, चित्र माझ्याकडे ठेवायचं. ते विकलंही गेलं असतं. एक रात्र मी याच बाजूला होते. मग लक्षात आलं की हा पर्याय मला एवढा आवडतोय कारण यात मला कुठलीच चूक कबूल करावी लागत नाही.

तिसरा होता थोरल्यांचं न ऐकता काकूंचं ऐकण्याचा. बाजार तसाच ठेवायचा, फक्त खिडकी परत आणायची. यात प्रश्न तंत्राचा होता, कारण खालचा भाग गर्दीच्या जाड, ओल्या रंगाने भरलेला होता. आणि थोरले नाराजच राहिले असते.

कोणाची तक्रार बरोबर, असा विचार करत बसले तेव्हा काही सुचेना. मग प्रश्न बदलला: कोणती तक्रार रंगाची आहे आणि कोणती वस्तूची? थोरल्यांना वडिलांची जागा दिसायला हवी होती. ती चित्रात असलीच पाहिजे असं काही नव्हतं, कुठल्याही कागदावर चालली असती. काकूंना खाच हवी होती, आणि ती याच चित्रात हवी होती. बाजाराच्या रंगांवर दोघांनीही बोट ठेवलं नव्हतं. हे मला तीन दिवसांनी सुचलं. बैठकीत उभी असताना, किर्खनरच्या आधी सुचलं असतं तर बरं.

काय केलं

थोरल्यांना फोन करून म्हटलं, "रंग मी बदलणार नाही. खिडकी चुकली आहे, ती दुरुस्त करते. आणि पेन्सिलचं रेखाटन तुम्हाला देते, त्यात पेढी नीट काढून." ते म्हणाले, "बघा." इंदुरी मराठीत 'बघा'चा अर्थ होकारही होतो आणि नकारही.

खिडकीसमोर परत दोन दिवस बसले, या वेळी दुपारी, क्लास बंद ठेवून. त्या कट्ट्यावरून दिवसाचा सराफा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पेढी आता दुसऱ्याची आहे, पण गादी अजून त्याच कोपऱ्यात. थोरले शेजारी उभे राहून सांगत होते: तराजू या बाजूला, तिजोरी मागे, पाटी लाकडी, अक्षरं पिवळी. मी रेखाटनातला चौकोन उघडला, आत गादी काढली, पाटीवर नाव लिहिलं. वीस मिनिटांचं काम. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बाबा थोडे डावीकडे बसायचे." मी एक छोटी आकृती काढली, डावीकडे.

कॅनव्हासचं काम अवघड होतं. खालचा सात इंचांचा पट्टा नाइफने खरवडला. वरचे थर निघाले, पण अगदी खाली आयव्हरी ब्लॅकचा एक थर होता, बोटाला चिकटणारा. तो पूर्ण काढायचा तर खालच्या अस्तरापर्यंत जावं लागलं असतं. दिवस नव्हते. मी त्याच्यावरच बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाने लाकूड चढवलं, पातळ. मग दोन गज, मधली फट आणि खाच. खाचेला मी चार वेळा पुसलं. कडा धारदार काढली की ती सुरीने कापल्यासारखी दिसायची. शेवटी अंबर ओला असतानाच करंगळीचं पेर फिकट गेरूत बुडवून एकदाच आडवं ओढलं.

गज आल्यावर बाजार मागे सरकला. मला भीती होती की चित्राचा जोर जाईल. उलट गजांच्या काळ्यामुळे मागचा नारिंगी आणखी भडकला. म्हणजे काकूंची तक्रार निव्वळ चित्र म्हणूनही बरोबर होती. हे लिहिताना जरा जड जातं.

काय झालं

ताब्याच्या दोन दिवस आधी चित्र दिलं. काकूंनी खाचेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "थोडी खोल होती." मग सुनेला चहा टाकायला सांगितला.

चित्र आता नव्या फ्लॅटमध्ये काकूंच्या खोलीत आहे. रेखाटन थोरल्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, पाहुण्यांना तेच दाखवतात. मुलीला दोन्ही हवी होती, तिला मी चित्राचा मोठा प्रिंट करून पाठवला. उरलेल्या २३,००० पैकी १८,००० मिळाले. पाच हजार थोरल्यांनी 'बदल करावे लागले' म्हणून ठेवून घेतले. बदल माझ्या खर्चाने माझ्या वेळात झाले होते, त्यामुळे हा हिशेब मला आजही समजलेला नाही, पण मी मागितले नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईत मुलीने फोटो पाठवला. खाचेच्या उजवीकडे, लाकडाच्या पट्ट्यात बारीक तडे, आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखे. कारण मला फोटो मोठा करून बघायचीही गरज नव्हती. अंबरमध्ये मॅंगनीज असतं, त्याने तेल लवकर वाळतं. आयव्हरी ब्लॅक वाळायला आळशी. खालचा थर हलत होता आणि वरचा कडक झाला होता, तो फाटला. जास्त तेलाच्या, हळू वाळणाऱ्या थरावर कमी तेलाचा, लवकर वाळणारा थर चढवू नये, हा तैलरंगातला पहिल्या वर्षाचा धडा. बाजाराच्या भागात, जिथे मी हात लावला नाही, एकही तडा नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पेन्सिलचं रेखाटन मी आता मंजुरीसाठी दाखवत नाही. वहीच्या पानाएवढा रंगीत नमुना करते, त्याच नाइफने, तेच रंग वापरून, आणि त्यावर मागे वेळ लिहिते: 'रात्री दहा', 'दुपारी चार'. ग्राहक दचकायचा असेल तर त्या पानावर दचकू दे. यात दोन दिवस जातात. एका गृहस्थांनी असा नमुना पाहून ऑर्डर रद्द केली. तेही चाललं.

फोन करणारा, पैसे देणारा आणि खिडकीत बसणारा, तिघांशी वेगवेगळं बोलते. 'काय दिसायचं?' हा प्रश्न फार उपयोगी पडत नाही, सगळे 'सगळंच' म्हणतात. 'तिथे उभं राहून तुम्ही काय करायचात?' असं विचारलं की डबा, दोरी, मुनीम आपोआप बाहेर येतात. त्या सात संध्याकाळी मी काकूंना हे एकदाही विचारलं नाही.

आणि खिडकी. ती दुरुस्त करायचा खरा मार्ग मला चित्र पोहोचवून परत येताना रिक्षात सुचला. खरवडायचं काहीच नव्हतं. सात इंचांची वेगळी लाकडी फळी रंगवून कॅनव्हासच्या खाली जोडायची, आणि खाच तिच्यात चक्क कोरायची. मोठ्या चित्राला हात लागला नसता, तडाही गेला नसता, आणि काकूंना हवी तेवढी खोल करता आली असती. घर तोवर पाडायला घेतलं नव्हतं. मूळ चौकटीचं लाकूडच मागून घेता आलं असतं, पण तेही नंतरच सुचलं.

तड्यांची दुरुस्ती शक्य आहे. पट्टा अस्तरापर्यंत काढून नव्याने करावा लागेल, महिनाभर चित्र माझ्याकडे ठेवावं लागेल. पैसे नकोत, फक्त चित्र आणून द्या, असं मी थोरल्यांना कळवलं. त्यांचा निरोप आला, "दिवाळी होऊ द्या, मॅडम." त्यानंतर आणखी एक दिवाळी झाली.